भोरगिरी ते भीमाशंकर: अभयारण्यातून पायी जायचंय? मग आधी हे नीट वाचा

दर पावसाळ्यात हेच चालू असतं. शुक्रवारी रात्री ग्रुपवर कोणीतरी धुक्यातल्या वाटेचा फोटो टाकतं, "उद्या निघूया का" असं विचारतं, आणि शनिवारी सकाळी नऊला आठ-दहा जण कोथरूड, हडपसर, पिंपरीवरून आरामात निघतात. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तास जातो, राजगुरुनगरला मिसळीत अजून एक जातो आणि भोरगिरीत पोचून चालायला लागेपर्यंत साडेबारा-एक वाजलेले असतात. मग संध्याकाळी सहाला रानात अंधार, फोनला रेंज नाही, ओढ्याचं पाणी वाढलेलं आणि घरचे इकडे काळजीत.

वाट तशी सोपी आहे. तीन-चार तासांची, कुठे दोर लावायचा नाही की कातळ चढायचा नाही. चुका होतात त्या तयारीत आणि कोणती गोष्ट कधी करायची याच्या क्रमात, म्हणून खाली तोच क्रम दिलाय. भीमाशंकरच्या इतर वाटांना आणि ताम्हिणी, हरिश्चंद्रगड-कळसूबाई, कोयना अशा बाकीच्या अभयारण्यांनाही यातलं बरंचसं लागू होतं, फक्त तिथले परवानगीचे नियम वेगळे विचारून घ्या.

१. आधी वाट ठरवा, तारीख नंतर

पुण्याहून भीमाशंकरच्या रानात पायी फिरायचे तीन मुख्य पर्याय आहेत.

पहिला, भोरगिरी ते भीमाशंकर. खेड तालुक्यातल्या भोरगिरी गावातून सुरू होतो आणि भीमा नदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे ढोबळमानाने पश्चिमेकडे जात गुप्त भीमाशंकरवरून मंदिराच्या मागच्या बाजूला निघतो. नवख्या लोकांनी हाच घ्यावा.

दुसरा, गाडीने किंवा एसटीने थेट वर जाऊन वरच्या वरच फिरायचं. गुप्त भीमाशंकर, हनुमान तळं, नागफणी. लहान मुलं किंवा साठीच्या पुढचे आई-बाबा बरोबर असतील तर हा बरा.

तिसरा, कर्जतकडून खांडसवरून घाट चढून येणं. इथे दोन वाटा फुटतात, गणपती घाट आणि शिडी घाट, आणि वर पदरवाडीला परत एकत्र येतात. गणपती घाट लांबचा पण धोपट. शिडी घाटात नावाप्रमाणे शिड्या आहेत, दृष्टीभय आहे म्हणजे खाली बघून घाबरायला होतं, आणि पावसात तो कातळ शेवाळाने इतका निसरडा होतो की रोजच्या सवयीचे लोकसुद्धा तिथे जपून पाय टाकतात. पावसाळ्यात शिडी घाट नको, कोणी कितीही म्हणालं तरी. "आमचा मित्र मागच्या वर्षी जाऊन आला" यावरून तुमच्या दिवशी कातळ कसा असेल ते कळत नाही.

तारीख ठरवताना श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि त्यांना लागून आलेले शनिवार-रविवार टाळा. श्रावणात गर्दी झाली की खाजगी गाड्या अलीकडेच पार्किंगला थांबवतात आणि तिथून एसटीने वर सोडतात, दर्शनाची रांग काही तासांची होते, आणि परतीच्या एसटीत उभं राहायला जागा मिळत नाही. चालायला खरा चांगला काळ म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर रान सुंदर दिसतं हे खरंय पण तेव्हा सगळे निर्णय पावसाच्या हातात असतात, ते मान्य असेल तरच जा.

२. परवानगी आणि वाट चालू आहे का ते बघणं

हा टप्पा लोक सरळ गाळतात. ट्रेकच्या पोस्टमध्ये कोणी लिहीत नाही म्हणून परवानगी नसतेच असा समज झालाय.

भीमाशंकरला १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर केलं, साधारण १३१ चौरस किलोमीटरचं, आंबेगाव आणि खेड तालुक्यात आणि खाली कोकणात रायगड-ठाण्याच्या बाजूला पसरलेलं. अभयारण्य म्हणजे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू. त्याच्या कलम २७ प्रमाणे तिथे राहणारे लोक, तिथे जमीनजुमल्याचा हक्क असलेले, ड्यूटीवरचे सरकारी कर्मचारी आणि सार्वजनिक रस्त्याने जाणारे असे काही अपवाद सोडले तर वनविभागाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. मंदिरापर्यंतचा डांबरी रस्ता वेगळा, रानातली वाट वेगळी. जाण्याआधी दोन-तीन दिवस पुणे वन्यजीव विभागाकडे किंवा भीमाशंकरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करून एवढं विचारा:

कोणती वाट सध्या चालू आहे, प्रवेशाची पावती कुठे घ्यायची, किती वाजेपर्यंत आत सोडतात आणि किती वाजेपर्यंत बाहेर यायचं, गाईड घ्यावा लागतो का, मोठा कॅमेरा किंवा ड्रोन चालतो का.

ड्रोनचं उत्तर बहुतेक "नाही" असंच येईल, आणि ते बरोबरच आहे.

पावसाळ्यात आणखी एक फोन लागतो. गेल्या काही वर्षांत जुलैच्या सुमारास अभयारण्यातले धबधबे आणि खांडस-शिडी घाटासारख्या धोक्याच्या वाटा वनविभाग बंद करतो, आणि जिल्हाधिकाऱ्यांचे धबधबे-धरणांवरचे मनाई आदेशही त्याच काळात निघतात. हे आदेश दरवर्षी नव्याने येतात, तारखा आणि ठिकाणं बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षीची बातमी बघून निघू नका.

तपासा: ग्रुपमधल्या प्रत्येकाकडे आधारची झेरॉक्स किंवा कुठलंतरी ओळखपत्र आहे का. नाव-पत्ता-फोन लिहिलेली सगळ्यांची एक यादी कागदावर करून ठेवा, नाक्यावर देताना वेळ वाचतो आणि काही झालंच तर तीच यादी उपयोगी पडते.

रात्री जायचा विचार डोक्यातून काढून टाका. मे अखेरीस काजवे आणि भर पावसात चमकणारी बुरशी बघायला रात्री आत घुसायचे प्लॅन बनतात. अंधारात टॉर्च मारत झाडोऱ्यात शिरलं की बघायला आलो तेच पायाखाली तुडवलं जातं, काजव्यांचं चमकणं हा त्यांच्या जोड्या जमायचा काळ असतो आणि टॉर्चच्या उजेडात तो सगळा विस्कटतो. वनविभागाने स्वतः काही उपक्रम ठेवला असेल तर त्यातून जा, नाहीतर नको.

३. हवामान: पुण्याचं नाही, घाटाचं बघा

पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, भीमाशंकरच्या माथ्यावर त्याच्या चौपट. म्हणजे तुमच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या आभाळावरून तिथलं काहीच कळत नाही. शिवाजीनगरच्या वेधशाळेचा अंदाज येतो त्यात पुणे शहर आणि पुण्याचा घाटमाथा वेगवेगळा दिलेला असतो. तो घाटमाथ्याचा भाग वाचा.

घाटमाथ्याला रेड अलर्ट असेल तर रद्द. ऑरेंज असेल तरी रद्द. यलो असेल तर ओढे न ओलांडता वरच्या वर फिरता येईल असा पर्याय घ्या. आणि फक्त त्या दिवसाचं बघून भागत नाही, आधीचे दोन दिवस सलग कोसळला असेल तर शनिवारी ऊन पडलं तरी ओढे भरलेलेच मिळतात.

उन्हाळ्यात उलटं. मार्चनंतर बरेचसे ओढे आटतात, पाणी सगळं पाठीवर न्यावं लागतं आणि वणव्याचा धोका असतो. दूर धूर दिसला तर फोटोला थांबू नका, आल्या वाटेने परत फिरा आणि रेंज मिळाली की वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.

४. वेळेचा हिशोब संध्याकाळपासून मागे करा

मला विचाराल तर हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. बहुतेक लोक "किती वाजता निघूया" इथून सुरुवात करतात. सुरुवात "किती वाजता रानाबाहेर असायला हवं" इथून करायची.

डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट झाडीत त्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच दिसेनासं होतं. म्हणजे पाच वाजता शेवटचा माणूस रानाबाहेर हवा. जाऊन परत त्याच वाटेने भोरगिरीला यायचं असेल तर परतीला साडेतीन तास धरा, म्हणजे मंदिरापासून एक ते सव्वाच्या आत निघायला हवं. वर जेवण-दर्शनाला तास-दीड तास, म्हणजे साडेअकराला वर पोचायला हवं. चढताना साडेतीन तास, म्हणजे आठला चालायला सुरुवात. भोरगिरीत पावणेआठला पोचायचं तर पुण्यातून पावणेपाच-पाचला गाडी हलली पाहिजे, आणि त्या वेळी निघालात तर चाकणचा कंपन्यांच्या शिफ्टचा ट्रॅफिकही चुकतो.

आता यातून एक वेळ काढा: परत फिरायची वेळ. वरच्या हिशोबात ती साडेबारा. साडेबाराला तुम्ही जिथे असाल तिथून मागे वळायचं, मंदिर दहा मिनिटांवर असलं तरी. हे आधी सगळ्यांसमोर बोलून ठेवा, कारण तिथे पोचल्यावर "एवढे आलोय तर" हे वाक्य कोणीतरी म्हणतंच आणि मग ग्रुपमध्ये वाद होतो.

परत चालायचं नसेल आणि भीमाशंकरवरून एसटीने पुण्याला यायचं असेल तर हिशोब सोपा होतो, पण मग गाडी भोरगिरीत लावून उपयोग नाही. हा घोळ फार जण घालतात. वरून भोरगिरीला रस्त्याने यायचं म्हणजे तळेघरवरून वाडा गावाच्या बाजूला मोठा वळसा आहे आणि त्या आडबाजूला संध्याकाळी वाहन मिळणं कठीण. म्हणून एकतर गाडीने जाऊन त्याच वाटेने परत, नाहीतर जाता-येता दोन्ही वेळा एसटी किंवा भाड्याची गाडी, जी तुम्हाला सोडून वर येऊन थांबेल. एसटीच्या वेळा वाकडेवाडीच्या स्टँडवर चौकशी करून घ्या आणि वर पोचल्या पोचल्या तिथल्या कंट्रोलरला शेवटच्या गाडीची वेळ परत विचारा. शेवटच्या गाडीवर प्लॅन टेकवू नका, शेवटून दुसरी धरा.

तपासा: घरी किंवा पुण्यातल्या एका मित्राकडे लिहून दिलंय का: कोणती वाट, किती जण, गाडीचा नंबर, किती वाजेपर्यंत फोन येईल आणि किती वाजेपर्यंत नाही आला तर कोणाला कळवायचं. हा मेसेज राजगुरुनगर सोडायच्या आत गेला पाहिजे कारण वाड्याच्या पुढे रेंजचा भरवसा नाही.

५. माणसं आणि सॅक

दहा-बाराच्या वर माणसं नकोत. जास्त असतील तर दोन ग्रुप करा, अर्ध्या तासाच्या अंतराने सोडा. एक पुढे चालणारा, एक सगळ्यात मागे, आणि मागच्याच्या मागे कोणीच राहायचं नाही हा नियम. पुढचा माणूस वाट माहीत असलेला हवा, मागचा धीराचा. लोक उलट करतात, सगळे दमदार पुढे पळतात आणि मागे राहतात ते दोघं पहिल्यांदाच आलेले.

पहिल्यांदा जात असाल तर गावातला वाटाड्या घ्याच. भोरगिरीतले लोक या वाटेने कायम जात-येत असतात, धुक्यातही त्यांना फाटा चुकत नाही. पैसे आधी स्पष्ट ठरवा, घासाघीस करू नका, आणि त्यांच्या जेवणाचं आपल्याबरोबर बघा. गावात कोणाकडे जेवायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा, ऐनवेळी दहा माणसांचं पिठलं-भाकरी मागणं बरोबर नाही.

सॅकमध्ये काय: माणशी तीन लिटर पाणी (उन्हाळ्यात चार), ओआरएस, घरून पोळी-भाजी किंवा धपाटे डब्यात, वर गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर. हेडटॉर्च, दिवसाचा ट्रेक असला तरी. शिट्टी. कोरडे मोजे आणि एक टीशर्ट प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधून. पावसात पोंचो किंवा रेनकोट, छत्री वाऱ्यात उलटते आणि हात अडकून राहतो. बँडेज, बेटाडीन, रोजच्या गोळ्या. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी, सॅकच्या वरच्या कप्प्यात, तळाशी ठेवली की ती निघतच नाही.

बुटांबद्दल जरा सविस्तर. जिमचे रनिंग शूज ओल्या कातळावर सरळ घसरतात, त्यांचा तळ त्यासाठी बनलेलाच नसतो. खोल खाचांचा, रबर मऊ असलेला ट्रेकिंगचा बूट हवा, तोही आधी दोन-तीन वेळा पर्वती किंवा वेताळ टेकडीवर घालून पायाला बसवलेला. नवा कोरा बूट घालून थेट रानात गेलं की दुसऱ्या तासाला टाचेला फोड येतो आणि सगळ्या ग्रुपचा वेग त्या फोडावर ठरतो. जीन्स नको. भिजली की जड होते, वाळत नाही, मांड्या घासतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि फुल ट्रॅक पँट घाला, आणि त्यामागे खास कारण आहे: पावसाळा संपला की वाटेच्या कडेला खाजकुयलीच्या शेंगा लोंबायला लागतात, वाळल्या की त्यांची कूस नुसत्या वाऱ्याने उडते. अंगाला लागली तर चोळू नका, चोळलं की पसरते. चिकटपट्टी लावून उचलून काढा आणि मग धुवा. वाटेतल्या मखमली तपकिरी शेंगांना हात लावायचा नाही हे लहान मुलांना आधीच दाखवून सांगा.

अत्तर, डिओ, भडक सेंट काही लावू नका. कारण पुढे येतं.

६. प्रत्यक्ष चालताना

राजगुरुनगरला पेट्रोल, पैसे, नाश्ता सगळं उरका, अर्ध्या तासात. भोरगिरीत गाडी कोणाच्या अंगणासमोर किंवा खळ्याच्या वाटेवर लावू नका, विचारून लावा.

कोटेश्वराच्या मंदिरापाशी एकदा सगळ्यांना गोळा करा. मोजणी करा, घड्याळात वेळ बघा, परत फिरायची वेळ पुन्हा एकदा मोठ्याने सांगा, ऑफलाइन नकाशा उघडतोय ना बघा. मगच पाऊल टाका.

सुरुवातीला भातखाचरं लागतात. बांधावरूनच चाला आणि एका मागे एक. जुलैत नुकती आवणी झालेली असते, फोटोसाठी खाचरात उतरलं की कोणाच्या तरी वर्षभराच्या भातावर पाय पडतो.

मग चढ आणि रान. इथे फाटे. गुरं चारायला नेलेल्या ढोरवाटा मुख्य वाटेसारख्याच मळलेल्या दिसतात, आणि चुकायला होतं ते इथेच. ढोरवाट ओळखायची खूण अशी की ती थोड्या वेळाने पसरते, तिला बारीक बारीक फाटे फुटतात, खुरांचे ठसे आणि शेण जास्त, माणसाच्या पायाचा माग कमी. पंधरा मिनिटं झाली आणि वाट बारीक होत चालली, फांद्या तोंडावर यायला लागल्या, तर ती आपली वाट नाही. पुढे रेटू नका. शेवटच्या खात्रीच्या फाट्यावर परत या.

फाट्याचा नियम: प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत. यात दहा ठिकाणी दोन-दोन मिनिटं जातात, जाऊ द्या.

गूगल मॅपवर भरवसा ठेवून रानात शिरू नका. ते गाडीच्या रस्त्यासाठी ठीक. इथे ऑफलाइन नकाशात आधीच कोणी चालून नोंदवलेला ट्रॅक टाकून न्या आणि फोन फ्लाइट मोडवर ठेवा, नाहीतर रेंज शोधण्यात बॅटरी संपते.

ओढे. कोरड्या दिवसांत हे काहीच नसतं, उड्या मारत जाता येतं. पावसात मात्र नीट विचार करा. पाणी गुडघ्याच्या वर असेल, गढूळ असेल, तळ दिसत नसेल किंवा त्यातून काटक्या-पाला वाहत येत असेल तर ओलांडायचं नाही. काठावर पाण्याच्या रेषेला एक दगड ठेवा आणि दहा मिनिटं बघा, दगड बुडला तर पाणी चढतंय. सह्याद्रीतले ओढे जितक्या पटकन फुगतात तितक्याच पटकन उतरतात, वरचा पाऊस थांबला तर तास-दोन तासांत फरक पडतो, म्हणून थांबणं हा खरा पर्याय आहे. ओलांडायचंच ठरलं तर सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडा म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल, हातात काठी घ्या, तोंड वरच्या अंगाला, एका वेळी एकच पाय हलवा. आणि जाताना ओलांडलेला प्रत्येक ओढा परत येताना ओलांडायचाय, हे जातानाच लक्षात घ्या.

पुढे गुप्त भीमाशंकर येतं, मग साक्षी विनायक, मग मंदिराचा मागचा भाग. गुप्त भीमाशंकरपाशी खडक कायम ओला असतो, तिथे पाण्यात उतरून सेल्फी काढताना घसरणाऱ्यांची संख्या खूप. बसून विश्रांती घ्यायला जागा छान आहे, काठावर बसा.

शेकरू बघायचं असेल तर याच पट्ट्यात, सकाळी, आणि आवाज न करता. शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी, जमिनीवर क्वचितच येतो, उंच झाडांच्या एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांवरून उड्या मारत जातो. खाली बघत चालणाऱ्याला तो दिसत नाही. थांबा, वर बघा, पानांत एकाच ठिकाणी हालचाल होतेय का ते बघा, काटक्या-पानांचे गोळ्यासारखे घर दिसलं तर त्या झाडाखाली घोळका करू नका. ब्लूटूथ स्पीकर घेऊन येणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो, घरी ठेवा. तुम्हाला काही दिसणार नाहीच, पण मागून येणाऱ्यालाही दिसणार नाही आणि जे इथे राहतात त्यांना त्रास.

काही तोडू नका, उचलूही नका. हिरड्याची फळं खाली पडलेली दिसतात, ती तिथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या वर्षाच्या कमाईचा भाग आहेत. देवराईत तर वाळकी काटकीही उचलत नाहीत, चप्पल-बुटाबद्दल गावात विचारून घ्या. चूल, शेकोटी, सिगरेट काही नाही. अभयारण्यात आग लावणं कलम ३० प्रमाणे गुन्हा आहे, आणि डिसेंबरनंतरच्या वाळक्या गवताला एक ठिणगी पुरते.

वर वेळ उरलाच तर नागफणी. धुकं असेल तर जाऊ नका. कोकणाकडे सरळ तुटलेला कडा आहे आणि धुक्यात काठ कुठे संपतो ते दिसत नाही.

७. काही बिघडलं तर

*वाट चुकली.* थांबा, बसा, पाणी प्या. शेवटची खात्रीची जागा किती लांब आहे ते ठरवा आणि सगळे मिळून तिथे परत जा. दोघांना पुढे "बघून या" म्हणून पाठवू नका, मग शोधायचे दोन ग्रुप होतात. आणि ओढ्याच्या पात्रातून खाली उतरत गेलं की गाव लागेल हा समज सह्याद्रीत जीवघेणा आहे. इथल्या नाळी आणि ओढे मध्येच कड्यावरून कोसळतात, खाली उतरता येत नाही आणि वर चढता येत नाही अशी माणसं तिथेच अडकतात. अंधार पडला तर जागेवरच थांबा, एकत्र बसा, कोरडे कपडे घाला, ठराविक वेळाने शिट्टी वाजवा. रेंज असेल तर ११२. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, त्यांचा नंबर निघायच्या आधी प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह हवा.

*आग्या मोहोळ.* कड्याला किंवा उंच झाडाला मोठं पोळं दिसलं तर आवाज बंद, दगड नाही, धूर नाही, आणि म्हणूनच अत्तर नाही. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड, मान, डोकं शर्टाने किंवा पोंचोने झाकून तिथून लांब जा, पण कड्याच्या बाजूला पळू नका, माश्यांच्या डंखापेक्षा कड्यावरून पडणं जास्त वाईट. डंख खूप असतील, श्वासाला त्रास होत असेल किंवा ओठ-चेहरा सुजला तर लगेच दवाखाना.

*साप चावला.* नाग, मण्यार, घोणस, फुरसं, सगळे या पट्ट्यात आहेत, शिवाय झुडपात हिरवा चापडा. म्हणून दगडाच्या फटीत आणि पाल्यात न बघता हात घालायचा नाही, ओंडका ओलांडताना आधी त्यावर उभं राहून पलीकडे बघायचं. चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, तोंडाने ओढू नका. अंगठी, घड्याळ, बूट काढा, चावलेला हात किंवा पाय काठी बांधून स्थिर करा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. चावल्याची वेळ लिहून ठेवा. भोरगिरीच्या बाजूला असाल तर राजगुरुनगर, वर मंदिराच्या बाजूला असाल तर घोडेगाव-मंचर. १०८ ला फोन करा आणि ज्या दवाखान्यात नेताय तिथे सर्पदंशाचं औषध आहे ना ते वाटेतच विचारून घ्या. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका.

*पाय मुरगळला.* बूट काढू नका, सूज आली की परत घालता येत नाही. वरून क्रेप बँडेज घट्ट बांधा, त्याची सॅक दुसऱ्यांनी वाटून घ्या आणि जवळचं टोक कोणतं ते बघून तिकडे चला, ठरलेलं टोक नाही.

*बिबट्या.* दिसणं दुर्मीळ. दिसलाच तर पळायचं नाही, पाठ करायची नाही, मुलांना मध्ये घ्या, एकत्र उभे राहा आणि त्याला जायला वाट द्या.

८. परत आल्यावर

गाडीत बसायच्या आधी मोजणी. मग कपडे झटका, आणि घरी पोचल्यावर आंघोळीच्या वेळी काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली, गुडघ्यामागे, कानामागे गोचीड चिकटलंय का ते बघा. असेल तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढून काढा, काडी लावून भाजू नका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना रानात जाऊन आल्याचं आणि गोचीड चिकटल्याचं आवर्जून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

ज्या मित्राला घरी यादी आणि वेळ देऊन ठेवली होती त्याला रेंज मिळाल्या मिळाल्या फोन करा. दमलेलो असतो, गाडीत झोप लागते, आणि तो बिचारा रात्री नऊला पोलिसांना फोन करावा की नाही या विचारात बसलेला असतो.